बापाकडून बापाचं घर

मी ज्या घरात जन्मलो ते घर विकत घ्यायला एका शनिवारी सकाळी ताकोराडीहून निघालो. बरोबर परदेशी दारूच्या दोन हिरव्या बाटल्या होत्या, कारण आमच्याकडे रिकाम्या हाताने घर बघायला कोणी जात नाही, मुलगी मागायलाही नाही. त्रोत्रोत, म्हणजे खच्चून भरलेल्या भाड्याच्या गाडीत, शेजारी बसलेल्या बाईने बाटल्या बघून विचारलं, लग्न जमवायला चाललास का. मी म्हटलं, तसंच काहीसं. तिने तिची कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली आणि झोपली. कोंबडीने वाटेत जे करायचं ते केलं. त्या दिवशी पुढे जे झालं त्या मानाने ते स्वच्छच होतं.

आमच्याकडे माणूस आईच्या कुळाचा असतो. म्हणजे मी माझ्या आईच्या कुळाचा, बाबा त्यांच्या आईच्या कुळाचे, आणि बाबा वारल्यावर त्यांचं घर त्यांच्या कुळाचं. त्यात बायकामुलं बसत नाहीत. यावर कायदा आहे आणि तो चक्क आईच्या बाजूने आहे, पण तो तालुक्याच्या गावी राहतो आणि आमच्या एग्याक्रोमचा रस्ता वाईट आहे. बाबांनी मृत्युपत्र केलं असतं तर प्रश्न नव्हता. पण मृत्युपत्र लिहिलं की माणूस मरतो असं त्यांचं ठाम मत होतं. ते न लिहिताच मेले.

कुळाने रीतीप्रमाणे वारस नेमला, बाबांच्या बहिणीचा मुलगा, एबो. वारस नुसती मालमत्ता घेत नाही, मेलेल्याची जागाही घेतो. त्यामुळे माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेला एबो, ज्याचं नाक मी लहानपणी माझ्या सदऱ्याने पुसलेलं आहे, तो आता माझा बाप होता. त्याने हे काम फार मनावर घेतलं. फोनवर तो मला 'बाळा' म्हणायला लागला. दफनानंतर आठ महिन्यांनी त्याने कळवलं की बाळा, कुळाने घर विकायचं ठरवलंय, आक्राचा एक माणूस किनाऱ्यावर जागा शोधतोय, त्याला बार काढायचाय. आईचं काय, मी विचारलं. तो म्हणाला, तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, आपण काही जनावरं नाही.

आई एकतीस वर्षं त्या घरात राहते. मागच्या अंगणात तिची चूल आहे, चुलीवर कमरेइतकी हंडी, आणि त्या हंडीत ती दोकोन उकडते, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, केळीच्या पानांत बांधलेले. आमच्या किनाऱ्यावरची कुठलीही होडी तिचे गोळे घेतल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. चूल गेली की आईचा धंदा गेला, आणि धंद्याशिवाय आई म्हणजे काय, हे मला बघायचं नव्हतं. म्हणून ताकोराडीत फ्रीज दुरुस्त करून साठवलेलं सगळं, अधिक माझी मोटारसायकल, अधिक माझं लग्न, असं तिन्ही मोडून मी निघालो होतो.

समुद्राने त्या आठवड्यात किनाऱ्यावर तपकिरी शेवाळ आणून टाकलं होतं. ते कुजून त्याला अंड्यांचा वास येत होता, आणि सकाळी ज्यांना किनाऱ्याची गरज लागते ते लोक त्यातच बसून गेले होते. या वासातून घरापर्यंत पोचलो तर बाबांच्या खुर्चीत नाना ओतू बसलेले. नाना म्हणजे बाबांच्या कुळाचे म्होरके. पाय लांब सोडून ते माशाच्या काट्याने दात कोरत होते आणि जे निघेल ते बघून पुन्हा खात होते.

मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, कागदावर माझं नाव नको, आईचं घाला.

नानांनी काटा बाजूला ठेवला. "विधवेला घर विकलं तर गाव म्हणेल, घर विकून तिला लुटलं. मुलाला विकलं तर गाव म्हणेल, मुलगा कर्तबगार निघाला. तुझ्याच भल्याचं बोलतोय मी."

एबो म्हणाला, "नानांचं ऐक, बाळा."

मग बाटली उघडली. पितरांना कळवल्याशिवाय घर हलत नाही, आणि कळवायचं तर नेमकं घर बांधणाऱ्यालाच कळवायला हवं. नाना उभे राहिले, जमिनीवर दारूची धार धरली आणि माझ्या बाबांना हाक मारली. "कोफी एग्यिर, ये, पी. तुझ्या घराला गिऱ्हाईक आलंय. परक्या कुळाचं आहे, पण पोरगं घरंदाज दिसतंय. रागावू नकोस." तीन थेंब बाबांना मिळाले. उरलेली बाटली नानांनी आणि एबोने त्यांच्या वतीने संपवली. मी परक्या कुळाचं घरंदाज गिऱ्हाईक म्हणून उभा होतो, त्याच जमिनीवर जिथे बाबांनी मला चालायला शिकवलं.  

त्यानंतर घर दाखवण्याचा कार्यक्रम. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला घर खोलीन् खोली फिरवून दाखवावंच लागतं, नाहीतर गिऱ्हाईक पुढे म्हणू शकतं की मी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, मी पाहिलंय, मी इथे सतरा वर्षं राहिलोय. एबो म्हणाला, ते राहणं वेगळं. मग त्याने मला माझी खोली दाखवली. "हवेशीर आहे," तो म्हणाला. "या खोलीत एक फार हुशार मुलगा वाढला. आज ताकोराडीत नाव आहे त्याचं." या हुशार मुलामुळे नानांनी किंमत दोन हजार सेडींनी वाढवली.

मी तयारीने आलो होतो. भाव पाडायला घराच्या खोडी मी त्रोत्रोतच मनात गोळा केल्या होत्या. मी म्हटलं, छप्पर गळतं. आई चुलीपाशी पानं पुसत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "कुठे गळतं? गेल्या पावसात मी स्वतः वर चढून डांबर लावलंय."

मी तिला डोळ्याने खुणावलं. मग म्हटलं, विहीर खारट आहे.

"खारट असती तर माझा दोकोन कोणी खाल्ला असता?"

मी म्हटलं, मागची भिंत कच्ची आहे, खाऱ्या वाळूची.

यावर ती उठून उभी राहिली. "ती वाळू मी नदीवरून डोक्यावरून आणलीय. तू पोटात होतास. खारी म्हणे."

नानांनी भिंतीवर थाप मारली, मग त्याच हाताने आईच्या झाकलेल्या पातेल्यातलं कालवण चाखलं आणि बोटं भिंतीला पुसली. "ऐकलंस?" ते म्हणाले. "राहणारी बाई सांगते आहे." किंमत आणखी तीन हजारांनी वाढली. खोडी काढणारा मुलगा आणि कौतुक करणारी आई असं गिऱ्हाईक त्यांना जन्मात मिळालं नसेल. उरलेल्या खोडी मी मनातच ठेवल्या, कारण आणखी एखादी खोड काढली असती तर आईने घर माझ्या आवाक्याबाहेर नेलं असतं.

शेवटी आकडा ठरला. जेमतेम माझ्याजवळ होता तेवढाच. एबोने कागद काढला. तो पोस्टासमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो, त्यामुळे यादी केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पण यादीच्या आधी नाना म्हणाले की घर रिकामं करून द्यायचं असतं. विकणाऱ्याच्या घरचं माणूस आत असलं तर उद्या कोणीही म्हणेल, आमचं माणूस आतच होतं, घर दिलंच नव्हतं. तेव्हा सूनबाईंनी दहा मिनिटं रस्त्यावर जाऊन उभं राहावं, किल्लीची देवघेव होईल, मग गिऱ्हाइकाला वाटलं तर त्याने त्यांना आत घ्यावं.

"मी नाही येत बाहेर," आई म्हणाली.

"दहाच मिनिटं, सूनबाई."

"एकदा बाहेर गेले की परत आत कोणाच्या शब्दावर येऊ? आज मी इथे आहे ती आहेच म्हणून आहे. मला कोणी आणून बसवलेलं नाही."

मी म्हटलं, आई, माझ्या शब्दावर ये.

"तू गिऱ्हाईक आहेस," ती म्हणाली. "तुझ्या बापाला तसंच सांगितलं त्यांनी." आणि तिने चुलीत लाकूड सारलं.

नाना म्हणाले, मग व्यवहार होत नाही, आक्रावाल्याला फोन लावतो. आई हलली नाही. मी आधी आईची मनधरणी केली, मग नानांची, मग पुन्हा आईची. माझ्या आवाजाचीच मला शिसारी आली. माशा दारूच्या ओलीवर बसल्या होत्या आणि नाना त्यांना चपलेने मारून चप्पल खुर्चीला पुसत होते.

तोडगा एबोला सुचला. तो म्हणाला, विहिरीला आपण बाहेर उभं राहायला सांगत नाही. नारळाच्या झाडांनाही सांगत नाही. जे जागचं हलत नाही ते घराबरोबर जातं, फक्त यादीत यायला हवं. त्याने जीभ दातात धरून लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"खोल्या, दोन. स्वयंपाकघर, एक. विहीर, गोड्या पाण्याची, एक. नारळ, चार. चूल, एक. हंडी, मोठी, एक. विधवा, एक."

"चांगल्या स्थितीत, असं लिही," नाना म्हणाले. "नाहीतर नंतर तक्रार करेल."

एबोने लिहिलं.

तो कागद फाडून त्याच्या तोंडात कोंबावा, असं मला वाटलं. तोंड कसं उघडायचं तेही मी मनात ठरवलं. पण कागद फाटला की महिनाअखेर होता, आणि महिनाअखेरीला बार. माझ्या नव्या बापाने मला पेन दिलं. "कर, बाळा." मी सही केली. स्वच्छ, वळणदार, शाळेत असताना बाबांनी गिरवून घेतलेली सही. हात धुवावासा वाटला आणि धुवायला विहिरीवर गेलो तर ती विहीरही नुकतीच मी घेतलेली.

आई कमरेच्या कापडाला हात पुसत आली. तिला वाचता येत नाही. कागदात काय आहे ते पुन्हा वाच, असं तिने एबोला सांगितलं. मला वाटलं तो निदान शेवटची ओळ गाळेल. त्याने गाळली नाही, उलट 'चांगल्या स्थितीत' हे जरा मोठ्याने वाचलं, कौतुक केल्यासारखं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"हंडी माझी आहे," ती म्हणाली. "माहेराहून आणलेली. ती तुम्हाला विकता येत नाही. ती ओळ खोड."

नानांना हे पटेना. हंडी इतकी वर्षं या घरात आहे, म्हणजे घराची आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. हंडीवरून पाऊण तास वाद झाला. आईवरून झाला नव्हता. शेवटी नानांनी दुसरी बाटली मागून घेतली आणि हंडी सोडली. एबोने ती ओळ खोडली आणि खोडल्याच्या बाजूला तिघांनी सह्या केल्या, म्हणजे पुढे कोणाला शंका यायला नको.

आईने कागद हातात घेऊन खोडलेली रेघ नीट बघितली.

"बाकी बरोबर आहे," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.