डाव्या बटणातली पाचर

"डावं बटण आपोआप दाबलेलं राहत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "त्यात पुठ्ठ्याची पाचर होती. कोणी घातली?"

मास्तर टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले. एरवी हा माणूस म्हणजे वात्रटपणाचं दुकान. छापखान्यात नवा माणूस आला की त्याला 'चौकोनी शाई' आणायला गोदामात पिटाळायचा. मालकाची खुर्ची रोज जराशी खाली करून आठवड्याने तोंड पाडून विचारायचा, "साहेब, तब्येत खचली का हो?" पण आज तोंडाला कुलूप. बँडेजमधला डावा हात मांडीवर मांजरासारखा पडलेला.

कागद कापायच्या मशीनवर मास्तरांची एकवीस वर्षं गेली. मशीनला दोन बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे एकही हात पात्याखाली सापडू नये. शहाणपणाची सोय, पण कामाला उशीर. मग काय, पुठ्ठ्याची घडी डाव्या बटणात ठोकायची, उजवं दाबायचं, आणि डावा हात कागद धरायला मोकळा. चार महिन्यांपूर्वी त्या मोकळ्या हाताची तीन बोटं गेली. मालकाने पत्र धाडलं, 'कामगाराचाच हलगर्जीपणा.' आणि त्या पत्राला उत्तर देऊन दावा लावायची मुदत उद्या संपत होती.

"मला... नीटसं आठवत नाही, बाई."

"आठवत नाही?" शेजारून बायको फिस्कारली. "माझ्या बहिणीने वीस वर्षांपूर्वी मारलेला टोमणा यांना शब्दासकट आठवतो, आणि हे आठवत नाही!"

"हे बघा," वकीलबाईंनी चष्मा काढला, "इथे खोटं बोललात तर तिकडचा वकील कोर्टात तुम्हाला सोलून काढेल."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "समजा... मीच घातली म्हटलं, तर केस गेलीच ना?"

"लगेच नाही जात. चूक थोडी तुमची, थोडी मालकांचीही असू शकते. कोणाची किती, ते कोर्ट बघेल. त्यांना हे ठाऊक होतं का, ते मला हवंय."

मास्तरांनी एकदा बायकोकडे पाहिलं. "मीच घातली. सगळ्यांना शिकवली पण मीच. चार घड्या. तीन केल्या तर निसटते, पाच केल्या तर बटण मोडतं."

बोलताना आवाजात जरा ऐट आलीच. बायकोने ती बरोब्बर पकडली.

"आणि मला सांगितलंत मशीन बिघडलं होतं!"

"भ्यायलो होतो गं."

"मग आता?"

"आता जास्त भ्यायलोय."

वकीलबाई लिहीत होत्या. "तपासणीला सरकारी माणूस यायचा तेव्हा पाचर कुठे असायची?"

"खिशात."

"तो आलाय हे तुम्हाला आत कसं कळायचं?"

मास्तरांनी बँडेजचं टोक चाचपलं. कळायचं ते सुपरवायझरमुळे. गेटवर पाहुणा दिसला की तो दोनदा घंटा वाजवायचा. पण त्याच सुपरवायझरने स्वतःचा सदरा फाडून मास्तरांचा हात गुंडाळला होता आणि बनियनवर दवाखाना गाठला होता. अजून रोज कामावरून त्याचा फोन यायचा. त्याचं नाव सांगायचं म्हणजे त्याचीच मान पात्याखाली द्यायची.

बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

"सुपरवायझर घंटा द्यायचे," मास्तर म्हणाले. "दोनदा."

वकीलबाईंचं पेन थांबलं, मग भरभर धावलं. "हे कोर्टात त्यांच्यासमोर सांगावं लागेल."

"तोंडावर?"

"तोंडावरच."

जबाबाच्या कागदावर सही करताना मास्तरांना आपलंच आडनाव लांबलचक वाटलं.

जिना उतरताना फोन वाजला. सुपरवायझरच. मास्तर पायरीवरच बसले. नाही उचलला तरी चाललं असतं. उचलला.

"काय मास्तर, ठणका कसा आहे आज?"

"साहेब, मी वकिलाकडे आलोय. पाचर माझी होती, सांगून टाकलं." त्यांनी जिन्याचा कठडा धरला. "आणि घंटा तुमची, तेही सांगितलं."

पलीकडून शिवी नाही, फोन कट नाही. मागे कटिंग मशीनचा आवाज तेवढा येत होता. धप्. धप्. धप्. मास्तरांनी कान टवकारले. दोन हातांनी दोन बटणं दाबायची तर मध्ये थोडी उसंत जाते. कागद सरळ करा, हात बाहेर काढा, मग दाबा. इथे मध्ये उसंतच नव्हती.

मास्तर ताडकन उठले. कोर्टबिर्ट डोक्यातून उडालं.

"साहेब, मशीनवर कोण आहे? त्याचा डावा हात... जो कोण असेल त्याचा... साहेब, आधी ती पाचर काढा! माझ्यावर मग रागवा!"

फोन कशावर तरी आपटला. धावती पावलं. धप्. धप्.

मग काहीच नाही.

"काय झालं? काय म्हणाले?" बायको दोन पायऱ्या खालून विचारत होती.

मास्तरांनी बराच वेळ फोन कानाला दाबून ठेवला.

"मशीन थांबलं," ते म्हणाले. "कोणी ओरडलं नाही."