हेन्रीची सवत

पोपटच्या शर्टाला घामाचा वास येईना झाला, तेव्हापासून झुंबरबाईच्या मनात पाल चुकचुकत होती. रांजणगावात भट्टीवर लोखंड तापवणारा माणूस. त्याच्या शर्टाच्या पाठीवर रोज मीठ फुटलेलं असायचं. आता सकाळी घातलेली इस्त्री संध्याकाळी तशीच परत. त्यात परसात फोनवर हळू आवाजात, "हेन्री पडली रं, पन जपान चढलाय."

तिनं भाकरी तव्यावरच सोडली.

"कोन ही हेन्री? आकडा लावताय का बाई ठेवलीया? खरं सांगा, न्हाईतर मी चालले दौंडला, भावाकडं."

"अगं, अमेरिकेतल्या गॅसच्या भावाचं नाव हाय ते!" पोपट कळवळला. "जपानात थंडी वाढली की तिकडं भाव चढतो, आन् इकडं निघालेलं गॅसचं जहाज तिकडं वळतं. सायेब म्हंतो, गॅस परवडंना, भट्टी बंद. आमी नुसते गेटावर बसून असतो. असंच ऱ्हायलं तर कायमचं घरी. कुठल्या तोंडानं सांगू तुला?"

"थंडी जपानला, आन् काकडतोय वडगाव रासाईचा पोपट?"

"साऱ्या जगाची आता एकच विहीर झालीया. जो जास्त मोजील त्याची पाळी."

विहिरीचं तिला पटलं. पण भावकीच्या विहिरीवर संसार केलेली बाई ती. पाणी संपलं म्हणणाऱ्याचा पाट ओला आहे का, हे बघितल्याशिवाय तिनं कुणाचं कधी खरं मानलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती थेट कंपनीच्या गेटावर. पोपट खरंच तिथं होता. लिंबाखाली दहा-बारा गडी मोबाईलात जपानचं हवामान बघत बसलेले.

"पोपटराव, हेन्रीची सवत आली वो!" एकजण ओरडला.

झुंबरबाई लाजली. छातीवरचा धोंडा उतरला. आपल्या माणसावर उगाच घेतलेल्या संशयाची भरपाई म्हणून तिनं आणलेला डबा सगळ्यांपुढं सोडला, आणि सहज वर बघितलं.

"अवो, तुमच्या भट्टीचं धुराडं त्येच न्हवं?"

"व्हय. का गं?"

"शेडच्या पत्र्यावर कबुतरं दाटीनं बसल्यात. धुराड्यावर एक बी न्हाई. आन् वरची हवा बघा, तापल्या तव्यावरल्यावानी कशी थरथरतीया."

घास हातातच राहिले. कुणीतरी चाचरत म्हणालं, "मागच्या गेटानं ठेकेदाराची गाडी येती रोज. मला वाटलं, झाडलोटीची मान्सं असतील."

पोपटनं मोबाईल खिशात घातला आणि उठला.

"तुमी व्हा म्होरं," पदर खोचत झुंबरबाई म्हणाली, "मी हाय मागं."