दाढीचा आरसा आणि दहिसर वेस्ट

मी दत्तारामांचा दाढीचा आरसा. 'हातच्या काकणाला आरसा कशाला' ही म्हण ज्याने काढली त्याने माझ्या पोटावर पाय दिला, पण जाऊ दे. जन्मभर लोकांची तोंडं बघितली, तोंडदेखलं मात्र कधी बोललो नाही. आज सांगतोय तेही खरंच.

शुद्धीवर आलो तो कोकणातल्या एका जत्रेत, बांगड्यांच्या दुकानात लटकलेला. दत्ताराम तेव्हा गिरणीत होते, नुकतंच लग्न झालेलं. स्टीलची कड आणि मागे तारेचा पाय बघून त्यांनी मला उचललं, मुंबईला आणलं. पुढे गिरणी बंद पडली, ते दिंडोशीला एका सोसायटीत लिफ्टमन झाले, बिऱ्हाड दहिसरच्या चाळीत आलं. रोजची दाढी काही चुकली नाही. हनुवटीला रेझर लावताना ते खालचा ओठ वरच्या दातांखाली दाबायचे. त्यांची लेक अनुपमा, एवढीशी, शेजारी उभी राहून तस्संच तोंड करायची. मग बापलेक हसत सुटायचे आणि साबण माझ्यावर उडायचा.

पुढे दत्तारामांचे हात थरथरायला लागले. न्हावी घरी येऊ लागला, तो स्वतःचा आरसा घेऊन. मी कपाटावर गेलो, भिंतीकडे तोंड करून. आरशाला याहून मोठी शिक्षा नाही. फार राग आला होता मला.

गेल्या महिन्यात अनुपमाने मला खाली काढलं, पदराने पुसलं. आता ती सत्तेचाळीसची. वीस वर्षं बालवाडीत बाई. जूनपासून तिची शाळा इंग्रजी माध्यमाची होणार. इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण पास झाली तरच तिचा वर्ग तिच्याकडे राहणार. म्हणून शाळा सुटली की ती अंधेरीला जायची. शिकवणाऱ्या गार्गी मॅडम तिच्याहून वीस वर्षांनी लहान.

पहिल्याच दिवशी अनुपमाने इंग्रजीत सांगितलं, मी दहिसर वेस्टला राहते. गार्गी हसून म्हणाली, "ताई, तुम्ही बनियनमध्ये राहता?"

घोळ असा, की व्हेस्ट म्हणजे बनियन आणि वेस्ट म्हणजे पश्चिम. लिहिताना अनुपमा चुकत नाही, पण तोंडातून दोन्ही एकच. आपल्या मराठीला एकच 'व' पुरतो ना! वर्गाबरोबर तीही हसली. घरी येऊन मात्र जेवली नाही. सरावाच्या पहिल्या पाठात, म्हणजे वर्गासमोर शिकवून दाखवताना, ती ह्याच्यावरच नापास झाली. शुक्रवारी दुसरा पाठ, तोच शेवटचा.

"आरशात बघून सराव करा," गार्गीने सांगितलेलं. म्हणून माझी आठवण झाली. ती माझ्यासमोर बसून ओठ दातांखाली घेई, सोडी, पुन्हा घेई. डोळ्यांत पाणी. खाटेवरून दत्ताराम बघत होते.

"गो अनू, माझ्या दाढयेचां तोंड कित्याक करतंस?"

ती थबकली. मग हसायलाच लागली. "बाबा, तेच! दाढीचं तोंड म्हणजे व्हेस्ट!"

"आणि दुसरां?"

ती विचारात पडली. तेवढ्यात त्यांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. अनुपमा त्यांच्या गोल ओठांकडे बघतच राहिली.

शुक्रवारी टॉवेलात गुंडाळून मी अंधेरीला. समोर इंग्रजी शिकायला आलेल्या आठ बाया, मागे वही घेऊन गार्गी. अनुपमा सांगत होती, वरचे दात खालच्या ओठावर. पहिल्या बाकावरच्या सोनूबाई उठल्या.

"बाई, मला वरचे पुढचे दातच नाहीत. माझं काय?"

वाट लागली! गार्गीचं पेन थांबलं. मग अनुपमाने मला टेबलावरून उचलून सोनूबाईंच्या हातात दिलं. "नवरा दाढी करताना कसं तोंड करतो, करून दाखवा बघू."

काय तो हशा! आठही बायांनी आपापल्या नवऱ्याची नक्कल करून दाखवली. सोनूबाईंनी ओठ तिरका ओढून बाजूच्या दाताखाली धरला आणि आवाज काढला. व्हेस्ट! "आता गरम चहावर फुंकर." वेस्ट! माझ्यावर वाफ धरली. मागच्या बाकावर गार्गीही ओठ दाबून बघत होती.

संध्याकाळी दत्तारामांनी दारातच विचारलं, "झालां?"

"पास, बाबा." आणि ती रडली.

दुसऱ्या दिवशी तिने न्हाव्याला नको म्हणून कळवलं. मला खिडकीत ठेवून बापाच्या गालाला स्वतः साबण लावला. हनुवटीशी आल्यावर त्यांनी सवयीने ओठ दातांखाली घेतला.

"आता आवाज काढा."

"व्ह..."

"हे इंग्लिश, बाबा."

दत्तारामांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मगे पन्नास वर्सां मी ह्या आरशाफुडे इंग्लिशच बोलतंय!"

माझा पारा कडेने उडालाय, हनुवटीच्या जागी एक डाग आहे. अनुपमा मला जूनपासून आपल्या वर्गात न्यायचं म्हणतेय, पोरांची तोंडं बघायला मी एका पायावर तयार आहे. फक्त रविवारी मला इथेच असू द्या, खिडकीत. त्या दिवशी दत्तारामांची दाढी असते.