हलणारी भिंत

सभागृहाच्या मागच्या ओळीत बसून तिनं आपली फिल्म पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर पाहिली. पडद्यावर बाबांचे हात स्थिर होते.

ही सकाळची चाचणी होती. चित्रपट महोत्सवात यंदा ‘आपल्याकडचे’ नावाचा विभाग ठेवला होता. त्यात इथल्याच माणसांनी केलेल्या छोट्या फिल्म दाखवायच्या होत्या. प्रत्येकानं सकाळी यायचं, चित्र नीट दिसतं ना, आवाज येतो ना, एवढं बघून जायचं. खेळ दुपारी होता.

तिची फिल्म बाबांच्या कामावर होती. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बाजारात अजून त्यांची अक्षरं जागोजागी होती. अलीकडे त्यांच्या हातांना कंप सुटला होता आणि घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. बाबा अर्धाच कप चहा घेत. रस्त्यावर हात खिशात ठेवत. वर्तमानपत्र टेबलावर पसरून वाचत, हातात धरत नसत. कामं घेणं बंद केलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की डोळ्यांचा नंबर वाढलाय.

मग कोपऱ्यावरचा किल्लीवाला हटून बसला. त्याला दुकानाचं नाव भिंतीवर रंगवून हवं होतं आणि ते बाबांकडूनच. बाबा हो-ना करत तयार झाले. तिनं विचारलं, “मी शूट करू?”

“तोंड नको दाखवू,” बाबा म्हणाले. “काम दाखव.”

तिनं कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला आणि कामच दाखवलं. ब्रश भिंतीजवळ जाई, हात थरथरे, ब्रश तिथंच थांबे. मग दोन थरथरींच्या मधे जरा उसंत मिळाली, की बाबा एक रेघ वरून खाली ओढत. सरळ. तिची फिल्म एवढीच होती. ती बाबांनी अजून पाहिली नव्हती. “आत्ता नको, थेटरात बघीन, चारचौघांसारखा,” असं म्हणून त्यांनी टाळलं होतं.

आणि आता पडद्यावर हात दगडासारखा स्थिर होता, भिंत मात्र गदागदा हलत होती. भिंतीवरचा खिळा नाचत होता.

ती उठून बाहेर आली. तिचा मावसभाऊ व्हरांड्यात बिस्किट खात उभा होता. तो लग्नाचे व्हिडिओ करायचा, तिची फिल्म त्यानंच जोडून महोत्सवाला पाठवली होती. दिवसभर कीबोर्ड बडवतो म्हणून सगळे त्याला बटण म्हणत.

“बटण, तू काय केलंस?”

“काय केलं? चांगली दिसतेय की.”

“भिंत हलतेय.”

त्यानं आत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. झालं होतं असं, की लग्नात नाचणाऱ्यांच्या मागे कॅमेरा घेऊन धावताना चित्र फार हलतं. म्हणून काम संपलं की बटण सवयीनं कंप काढायची सोय वापरायचा. तो प्रोग्रॅम चित्रातली ठळक गोष्ट पकडतो, ती जागच्या जागी धरून ठेवतो आणि बाकीचं तिच्याभोवती सरकवतो. इथं एका खिळ्याखेरीज भिंत कोरी होती आणि चित्रभर हात होता. प्रोग्रॅमनं हात पकडला.

“मला वाटलं, तुझाच कॅमेरा हलला,” बटण म्हणाला. “तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही.”

“स्टँडवर होता रे.”

“मग हलत काय होतं?”

 बटण तिच्याकडे बघत राहिला. तिच्या बाबांबरोबर इतक्यांदा चहा प्यायलेल्या त्या माणसाला आत्ता कुठं कळलं.

कंप काढण्याआधीची मूळ प्रत तिच्या पर्समध्ये पेन ड्राइव्हवर होती. वर जाऊन ती देणं, एवढंच करायचं होतं. ती जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. किल्लीवाला येणार होता, बाजारातले पाच-सहा दुकानदार येणार होते. त्यांच्यासमोर आपल्या बापाचा हात असा मोठा करून दाखवायचा? उलट हे स्थिर हात. लहानपणी शाळेच्या वहीवर तिचं नाव घालणारे हेच ते हात. चूक झाली होती खरी, पण चुकीनं बाबा झाकले जात होते.

“ताई, देऊ का बदलून?” बटणनं विचारलं.

“राहू दे.”

“नक्की?”

“राहू दे म्हटलं ना.”

दुपारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मधल्या ओळीत आईशेजारी बसले. हात खिशात. तिला बसवेना. ती दाराशी उभी राहिली, मग खांबाशी, मग पुन्हा दाराशी.

फिल्म सुरू झाली. मागून कोणीतरी कुजबुजलं, “भूकंप झालाय का?” दोघं-तिघं खुदकन हसले. नंतर सभागृह शांत झालं. शेवटी अक्षरं पूर्ण झाली आणि टाळ्या पडल्या. तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

महोत्सवाच्या बाईंनी तिला मंचावर बोलावलं. पहिल्याच रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “कलाकार अढळ आणि भोवतालचा काळ डळमळीत. ही भिंत हलवण्याची कल्पना फार बोलकी आहे. कशी सुचली?”

तिनं माईक तोंडाजवळ नेला. उत्तर सोपं होतं. आभार मानले की संपलं.

“भिंत हलत नव्हती,” मधल्या ओळीतून आवाज आला.

बाबा उभे राहिले होते. आईनं त्यांचा शर्ट ओढला, त्यांनी तो सोडवून घेतला. बाई माईक घेऊन त्यांच्यापाशी गेल्या. बाबांनी क्षणभर माईककडे पाहिलं आणि खिशातून हात काढून तो घेतला. माईक हनुवटीवर टकटक आपटू लागला. आवाज मोठा, बारीक, पुन्हा मोठा होऊ लागला.

“किल्लीवाल्याची भिंत आहे ती. तो इथं बसलाय. भिंत हलती असती तर मी रंग लावला असता का? माझं नाव खराब होईल.” किल्लीवाल्यानं गंभीरपणे मान डोलावली. “हलतो तो हात. हा. हा हलतो आणि तरी रेघ सरळ येते. ते दाखवायचं सोडून हिनं हे काय दाखवलं?”

कोणी हसलं नाही. तिनं माईक खाली केला. “बाबा, तुम्हाला लोकांनी बघू नये म्हणून…”

“मी लपवायचो ते माझं मी,” बाबा म्हणाले. “तू कशाला? खरी आहे का तुझ्याकडे?”

तिनं पर्स चाचपली. “आहे.”

“मग लाव.”

बाई चुळबुळल्या. पुढच्यांची फिल्म तयार होती, ती थांबवता येणार नव्हती. शेवटी ठरलं, की सगळ्या संपल्या की चहाच्या सुट्टीत ज्यांना बघायचीय त्यांच्यासाठी लावू. बटण पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढला.

सुट्टी झाली तेव्हा बरेच जण उठून गेले. बाजारातली माणसं मात्र बसून राहिली. दिवे मंदावले. पडद्यावर भिंत आली, गुमान उभी असलेली, आणि तिच्यासमोर बाबांचा थरथरता हात. किल्लीवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला. ब्रश थांबला. थांबलाच. मग एक रेघ खाली उतरली, मग दुसरी.

“दुसरी जरा जाड गेलीय,” बाबा आईला म्हणाले.

तिला अजूनही एका जागी उभं राहवत नव्हतं. ती दाराकडून खांबाकडे निघाली आणि मधल्या ओळीसमोर अडखळली.

“बस की गं आता,” बाबा म्हणाले आणि शेजारची खुर्ची त्यांनी हातानं थोपटली. “मधे उभी राहिलीस तर मला काय दिसणार?”