पिवळा लंगोट

रेहानानं लंगोट सोडला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली, की बाहेर दात घासत उभा असलेला तिचा भाऊ रिझवान ब्रशसकट आत धावला.

"पिवळी! भाई, बघ, पिवळी झाली!"

झाली होती खरी. जन्मल्यापासून तान्ह्या कशिशची शी कशी, तर भिजवलेल्या खडूसारखी पांढरीफटक. आणि आज लंगोटावर हा एवढा पिवळा डाग! रेहानानं तो आधी भावाच्या डोळ्यांसमोर नाचवला, मग नवऱ्याच्या, इसाकच्या. पोर झाल्यापासून हसणंच विसरलेली बाई ती, आज डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. या अल्लाह, ऐकलंस एकदाचं, इसाक मनात म्हणाला.

पोरीची कावीळ जाईना, म्हणून नवराबायको मालेगावहून नाशिकला रिझवानच्या घरी येऊन राहिले होते. इथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, लिव्हरमधून पित्त उतरायची नळीच बंद आहे, म्हणूनच शीला रंग नाही. ऑपरेशन करून नवी वाट द्यावी लागेल, तेही लवकर. उशीर झाला तर लिव्हर कडक होत जाईल, मग हात चोळत बसायची वेळ येईल. उद्या ॲडमिट व्हायचं ठरलं होतं. पण वीतभर पोट ते! त्यावर सुरी चालवायची म्हटली, की रेहाना पोरीला उराशी घट्ट धरून बसायची.

म्हणून रिझवाननं हे चिनी औषध शोधून काढलं होतं. गंगापूर रोडवरच्या निकिता मॅडम सुया टोचून उपचार करायच्या, चिनी काढेही द्यायच्या. तान्ह्या बाळाला त्या काही देणार नाहीत हे पठ्ठ्यानं ओळखलं आणि 'अम्मीला कावीळ झालीय' अशी थाप ठोकून दिली. मॅडमनी तरी बजावलं होतं, "पित्त दाटून अडकलं असेल, तर या काढ्यानं ते वाहतं होतं, असं चिनी वैद्य मानतात. पण नळीच बंद असेल, तर झाडपाल्याचं काही चालत नाही. आधी सोनोग्राफी करून घ्या." रिझवाननं घरी येऊन पहिलं तेवढं सांगितलं, पुढचं गिळून टाकलं. जीव टांगणीला लागलेल्या बहिणीला पुढचं सांगणार तरी कसं?

पुडीत दवण्याच्या वासाच्या काड्या होत्या, रेवंदचिनीच्या मुळाच्या चकत्या होत्या आणि सुकलेली नारिंगी फळं. रेहानानं सगळं एकत्र उकळलं आणि घुटी चाटवावी तसं पोरीला चाटवत राहिली. घुटी तर घरोघरी देतात, त्यात कुणाला काय वावगं वाटणार!

"फोन लाव भाई," रेहाना म्हणाली. "सांग हॉस्पिटलवाल्यांना, नाही येत आम्ही. पित्त सुटलं माझ्या पोरीचं."

रिझवाननं इसाककडे पाहिलं. "काय दूल्हाभाई, लावू?"

"थांब जरा. हा लंगोट धुऊन टाकतो."

इसाकला काहीतरी खुपत होतं. त्याचा जन्म मालेगावात साड्यांचं सूत रंगवण्यात गेलेला. हा डाग कापडावर भलताच पातळ पसरला होता, अगदी काठापर्यंत. मोरीत बसून त्यानं नळ सोडला. पाणी पडलं मात्र, पिवळा रंग सरसर उतरून गेला. साबण नाही, चोळणं नाही, लंगोट कोरा करकरीत! थोरल्या पोराच्या, फराजच्या लंगोटांची शेवटी पोतेरी झाली, पण त्यांवरचे डाग काही हटले नव्हते. आणि मोरीच्या जाळीवर अडकलं होतं ते पांढरंच होतं, पहिल्यासारखं.

त्यानं स्वयंपाकघरात जाऊन पुडीतलं एक नारिंगी फळ कोमट पाण्यात चुरडलं आणि त्यात रुमालाचं टोक बुडवलं. हाच रंग. फळाचा रंग पोरीच्या पोटातून लंगोटावर आला होता, बस्स, एवढंच झालं होतं.

इसाक तिथंच भिंतीला टेकून उकिडवा बसला. आतून रेहानाचा आवाज येत होता. ती कशिशला सांगत होती, मोठी हो, तुला हातभर बांगड्या घेईन. सांगू नये का हिला? पण उद्याचा दिवस हुकला तर? सांगितलं तर ही मरेल, नाही सांगितलं तर पोर. त्याला ढसाढसा रडावंसं वाटलं. रडला नाही, तोंडावर पाणी मारून बाहेर आला.

"लाव फोन," तो रिझवानला म्हणाला. "म्हणावं, उद्या कशाला, आजच येतो."

रिझवान बघतच राहिला. रेहानाचं हसणं जागच्या जागी थांबलं.

"सुटला?" तिनं विचारलं.

"काय?"

"रंग."

इसाकनं होकारार्थी मान हलवली. तिच्याकडे बघायची त्याची छाती होईना.

"पहाटे पहिला पिवळा लंगोट मीच धुतला, तुम्ही झोपेत होता तेव्हा," रेहाना म्हणाली. "पाण्यात घातला नि कोरा झाला. म्हटलं, मला मेलीला काय कळतंय! तुमच्या हाताखालून जाऊ दे. तुमच्या हातात टिकला, तर खरा."

"मग एवढी ओरडलीस कशाला गं?" रिझवानचा आवाज चिरकला.

"ओरडले, की खरं होईल वाटलं."

रिझवाननं नंबर लावला आणि फोन कानाला धरून उभा राहिला. कशिशला भूक लागली होती, ती रडत रडत आईच्या छातीशी तोंड घुसळत होती. रेहानानं ओढणी घट्ट आवळून घेतली.

"भाई, तेवढं विचार त्यांना," ती म्हणाली. "दूध पाजू, का उपाशीच आणू?"