हिल्डा रॉड्डाच्या पवनचक्कीवरचा मीटर

हे कोणी खरं मानणार नाही, पैज लावतो. आमच्या पोर्ट कार्लियनमधे माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होऊन गेलं, ते म्हणजे माझी आई. आणि तीसुद्धा गोष्ट अर्ध्यावर आली की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जायची. पण त्या रविवारी सकाळी जुन्या मोटरसायकलींच्या क्लबाच्या शेडमधे मी जे सांगितलं, ते ऐकायला निदान तिघं होती, आणि तिघंही शेवटपर्यंत बसली होती. म्हणजे दोघं बसली होती आणि एक गाडीखाली डोकं घालून आडवी होती.

आडवी होती ती ग्वेंडा हॉकिंग. गावातली निम्मी पोरं ही चालवायची त्या शाळेच्या बसमधे वाढली, आणि अजून तिचा आवाज चढला की चाळिशीतले बाप्ये हातातलं खाणं लपवतात. निवृत्त झाल्यापासून आमच्या क्लबच्या गाड्या ती तपासते. गाडी पास झाली की हँडलला हिरवी फीत बांधते. फीत नाही तर रस्ता नाही, मग गाडी कोणाच्याही आजोबांची असो.

गाडी होती नेव्ह पेंगेलीची. एकावन्न सालातली, एका सिलिंडरची, काळी इंग्लिश गाडी. हिच्यावरूनच नेव्हने जॉइसला जेट्टीवर नेऊन लग्नाचं विचारलं होतं. त्या लग्नाला आज पन्नास वर्षं होत होती, आणि आज त्याच गाडीवरून त्याच जेट्टीवर तिला न्यायचं असा बेत होता. बेत पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता. जॉइसचा गुडघा पुढच्या आठवड्यात बदलायचा होता आणि डॉक्टरने बजावलं होतं, नव्या गुडघ्याने मागच्या सीटवर टांग टाकायचं विसरा. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

अडलं होतं ते स्पीडोमीटरवर. नेव्हच्या मीटरमधल्या पितळी चक्रांचे दात झिजून गेले होते, माझ्यासारखेच. आणि मीटरच्या बाबतीत ग्वेंडा फार कडक. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाने टपालाने कुठूनसा नवाकोरा मीटर मागवला. दिसायला असा देखणा, की लोक येऊन त्यात तोंड बघायचे. पोलिसाने गाडी थांबवली, गाडी उभी, स्वार खाली उतरून टोपी शोधतोय, आणि काटा चाळीसवर! तेव्हापासून ग्वेंडाचा एकच प्रश्न असतो, मीटर कुठून आणला. समाधान झालं तर फीत.

"मीटर तर झकास दिसतोय," गाडीखालून ग्वेंडा म्हणाली. "कुठून आणला, नेव्ह?"

"मला नाही माहीत," नेव्ह म्हणाला. तो खुर्चीवर बसून बूट पुसत होता, हातातल्या फडक्याने त्याने माझ्याकडे खूण केली. "क्लॅरीने आणला. सकाळी मी दाढी करत होतो तेवढ्यात बसवूनही टाकला."

"क्लॅरी ट्रेझीसने?" ग्वेंडा सरकत बाहेर आली. "मग तर सविस्तर ऐकलंच पाहिजे."

"आधी मला हे सांग," नेव्ह मधेच म्हणाला, "की त्याच्या बदल्यात तू काय दिलंस. मला ते फेडायला लागेल."

नेव्हचं हे असं आहे. फुकट दिलेला नट त्याला पचत नाही. एकदा मी त्याला क्लचची एक जुनी तार दिली, तर संध्याकाळी माझ्या दाराशी दोन कोंबड्या बांधलेल्या. तार गंजली, कोंबड्या अजून अंडी देताहेत.

"दिलं ते माझं नव्हतंच," मी म्हणालो. "ऐक तर."

जॉइसने सगळ्यांच्या हातात गरम पेस्टी दिली. तिच्या पेस्टीच्या कणकेच्या पारीत बटाटा आणि सलगम अगदी मापात भरलेलं असतं, आणि माझ्या गोष्टीला तेवढं इंधन पुरतं.

"स्वॅप मीटपासून सुरुवात करतो," मी म्हणालो. "गेल्या शनिवारी मैदानात जुन्या भागांचा बाजार भरला होता. मी उजाडायच्या आत गेलो. मीटरांच्या तर पेट्या भरलेल्या! पण खात्रीचा एक नाही. एक होता ट्रॅक्टरचा. एकात उंदरीण बाळंत झालेली, तिला उठवायचा मला धीर झाला नाही. एकाच्या तबकडीवर आकडे तीसच्या पुढे नव्हतेच, मालक म्हणाला, आमचे वडील कर्मठ मेथडिस्ट होते, त्यांनी पुढचे खरवडून काढले."

"आणि तबकडीखालचा आकडा?" ग्वेंडाने विचारलं.

या बाईला फसवणं कठीण असतं ते असं. मागच्या चाकाला जोडलेली केबल एका मैलात किती वेळा फिरते त्यावर मीटर बनवतात, आणि तो आकडा तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. नेव्हच्या गाडीला सोळाशेचाच लागतो. दुसरा लावला तर काटा चालतो झोकात, पण बोलतो खोटं.

"सोळाशेचा एकही नव्हता," मी म्हणालो. "मी निराश होऊन सॉसेज खात उभा होतो. शेजारी एक धनगर माणूस, तो म्हणाला, सोळाशेचा ना? हिल्डा रॉड्डाच्या पवनचक्कीवर आहे."

"कोण हिल्डा रॉड्डा?" जॉइस म्हणाली. "मी सगळ्या रॉड्डांना ओळखते."

"ही आतल्या अंगाला राहते. मिठाच्या तळ्यांच्या पलीकडे. चर्चला येत नाही."

"मग बरोबर," जॉइस म्हणाली.

"तर तिच्या नवऱ्याने मरायच्या आधी गाडीचा मीटर काढून पवनचक्कीला लावला. केबल थेट पात्यांच्या आसाला जोडलेली. खाली स्वयंपाकघराच्या खिडकीशी मीटर. काटा विसावर आला की हिल्डाबाई धुणं वाळत घालते. चाळीसवर गेला की धुणं काढते. साठवर कुत्र्याला बांधते. आणि ऐंशीवर गेला की स्वतः न्हाणीच्या टबात जाऊन बसते. तीस वर्षं रात्रंदिवस चाललेला मीटर! याच्याहून खात्रीचा कुठे मिळणार?"

"आणि दिला तिने?" ग्वेंडा म्हणाली. तिने तोवर पुढच्या ब्रेकची तार ओढून बघितली होती.

"छे! म्हणाली, हा गेला तर माझ्या कपड्यांचं काय. मी म्हटलं, बाई, एका माणसाची बायको पन्नास वर्षांनी पुन्हा जेट्टीवर जायचं म्हणते. ती म्हणाली, पन्नास वर्षांत तिला चालत जाता आलं नाही?"

जॉइस खळखळून हसली. "हे मात्र कुठल्याही रॉड्डाने म्हटलं असतं."

"मी परत निघालो. इतक्यात वरून कोणीतरी ओरडलं, 'बावीस! चड्ड्या वाळत घाला!' वर बघतो तर पवनचक्कीच्या शेपटीवर एक गलाह बसलेला, गुलाबी छातीचा काकाकुवा. हिल्डाबाई म्हणाली, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, तो दिवसभर काट्याकडे बघून बडबडत असतो. मी म्हटलं, बाई, मग तुम्हाला मीटर कशाला हवा?"

"थांब," ग्वेंडा म्हणाली. "तो गलाह आकडे कशात सांगतो? मैलांत की किलोमीटरमधे?"

"मैलांत. मीटर मैलांचा, पक्षी मैलांचा. तो चौऱ्याहत्तर सालाच्या आधीचा आहे, ग्वेंडा. किलोमीटर आले तेव्हा सगळ्या देशाने पाट्या बदलल्या, त्याने नाही बदलल्या."

ग्वेंडाने मान हलवली, पण हातातला पाना खाली ठेवला. चांगलं लक्षण.

"तरी तिला खात्री हवी होती. म्हणून आम्ही परीक्षा घेतली. मीटर एका पोत्याने झाकला आणि वाऱ्याची वाट बघत बसलो. दुपारी समुद्राकडून वारा उठला. गलाहने मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, 'सदतीस.' पोतं काढलं तर काटा सदतीसवर. पुन्हा झाकलं. 'एकेचाळीस! काढा! काढा!' पोतं काढलं. एकेचाळीस. पण त्या आनंदात कपडे काढायला हिल्डाबाई विसरली, आणि तिच्या कैलासवासी नवऱ्याची लांब लोकरी विजार दोरीवरून सुटली ती बार्लीच्या शेतावरून निघाली."

"तू पाठलाग केलास," नेव्ह म्हणाला. तो आता बूट पुसायचा थांबला होता.

"करावाच लागला. नवऱ्याची शेवटची आठवण. पण मी हुशारी केली. मीटर आधी माझ्या गाडीवर चढवला. म्हटलं चाचणी पण होईल. विजार पुढे, मी मागे. काटा कसा उड्या मारत चढत होता, टिक टिक टिक, घड्याळासारखा, जुन्या मीटरचा चढायचा तसाच. विजार अठ्ठावन्नने जात होती. धान्याच्या कोठारापाशी वळण आलं, तिथे तिने वेग कमी केला—"

"विजारीने?"

"विजारीने. पन्नासची पाटी आहे ना तिथे! तिथे मी तिला धरलं. परत नेऊन दिली. हिल्डाबाईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, घेऊन जा मीटर. मला माझा पक्षी पुरे."

"म्हणजे तुझं खरंच काही गेलं नाही?" नेव्हने विचारलं. त्याचा चेहरा मोकळा झालेला मला दिसला.

"माझं काय जाणार? पेट्रोल थोडंसं."

"मग मी त्या बाईला पक्ष्यासाठी सूर्यफुलाच्या बिया पाठवीन. पोतंभर."

"पाठव," मी म्हणालो. "माझ्याकडे दे, मी पोचवतो."

ग्वेंडा उठली, हात पुसले. गाडी स्टँडवर होती. तिने मागचं चाक हाताने गरकन फिरवलं. काट्याने टुणकन उडी मारली, मग दुसरी, आणि चाक थांबलं तसा शून्यावर येऊन गप्प बसला. तिने तबकडीखालचा आकडा बोटाने पुसून वाचला. सोळाशे. मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ही बाई आरशात बघून मागच्या बाकावरचं पोरगं काय चघळतंय ते सांगायची. मी पेस्टी चघळत राहिलो.

"क्लॅरी ट्रेझीस," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी तुझ्या गोष्टी ऐकतेय. इतकी वाईट आजवर सांगितली नव्हतीस."

"विजारीचा भाग चांगला होता," जॉइस म्हणाली.

"मीटर मात्र खरा आहे. आणि तो कुठला आहे याबद्दल माझं समाधान झालंय." ग्वेंडाने खिशातून हिरवी फीत काढली आणि हँडलला दुहेरी गाठ मारली. "आता उशीर नका करू. ओहोटी लागायच्या आत जेट्टी गाठा, पाणी असलं की बरं दिसतं."

नेव्हने किक मारली. तिसऱ्या किकला ती जुनी गाडी अशी बोलली, की छतावरची धूळ खाली आली. मग जॉइसला चढवायचं काम. दुखरा गुडघा बाहेरच्या बाजूला, चांगला आतल्या बाजूला. मी दुधाच्या कॅनवर तिला उभं केलं, ग्वेंडाने मागून धरलं, नेव्हने पुढून हात दिला, आणि सगळे मिळून एकदाचं जमलं. ती बसली. हेल्मेटचा पट्टा लावला, नेव्हच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि पाठीवर गाल टेकला. पन्नास वर्षांपूर्वी कशी दिसली असेल ते मला तेव्हा दिसलं, आणि यात मी काहीही वाढवलेलं नाही.

"निघ आता," मी ओरडलो. "बघतोस काय!"

नेव्हने खिशातून चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याला हातातलं हँडलही धड दिसत नाही, आणि सकाळपासून तो खिशातच होता. चष्मा लावून त्याने आधी फीत बघितली, मग पुढचा रस्ता, मग मान वाकवून मीटर बघितला. बघतच राहिला. अंगठ्याने काचेची एक कड हळूच चाचपली.

"क्लॅरी," तो म्हणाला.

"अरे गाडी तापेल, म्हाताऱ्या. जा!"

"काय झालं नेव्ह?" मागून जॉइस म्हणाली. "काही झालं असलं तरी मी आता उतरणार नाही हं. मला चढवायला तीन माणसं लागलीत."

"या काचेला इथे टवका आहे," नेव्ह इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडला. "हा टवका मी पाडलाय. माझ्या हातून पाना पडून. तुझ्या शेडमधे, तुझ्या गाडीवर! खोटारड्या, कसली हिल्डा आणि कसली विजार, हा तुझ्या गाडीचा मीटर आहे!"