भीमाबाईची बाज

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी जुनी बाज आहे आणि एका माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. माझे पाय खर्ड्याच्या गोरक्षनाथ सुतारानं तासले. घायपाताच्या दोरीनं मला विणलं ते बाबाजाननं.

मिरजगावात एका व्यापाऱ्यानं आपलं तीन खोल्यांचं घर निराधार म्हाताऱ्यांसाठी दिलं होतं. लढाईची, टंचाईची वर्षं होती ती. सात म्हातारी माणसं तिथं राहत. हात थकल्यावर बाबाजानही तिथंच आला आणि मला पाहून लेक भेटल्यासारखा हसला. बाजा मात्र चारच होत्या. मी भीमाबाईच्या वाट्याला आले, कारण तिचे गुडघे आखडलेले. जमिनीवर बसली की तिला उठता येत नसे. माझा काठ धरून ती आपली आपण उठे, आपली आपण परसात जाई, आणि याचा तिला केवढा अभिमान! दर आठवड्याला ती मला उन्हात टाकी, ढेकणांवर उकळतं पाणी ओती. बाबाजान पायथ्याची दोरी ताणून देई. फार सुखाचे दिवस होते ते.

कारभारी रंगनाथचा मात्र माझ्यावर डोळा होता. थंडीत भीमाबाईला ताप भरला. ती बरळू लागली, तेवढं निमित्त त्याला पुरलं.

“म्हातारी चालली. खाली घ्या तिला!”

जाणाऱ्या माणसाला बाजेवर जीव सोडू देत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. सारवलेल्या जमिनीवर निजवतात, तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घालतात. सगळ्यांनी रडत रडत तिला उतरवलं. त्याच दुपारी रंगनाथनं मला आपल्या खोलीत नेलं.

आणि भीमाबाई मेलीच नाही! तिसऱ्या दिवशी तिनं भाकरी मागितली. मग मला मागितलं.

“एकदा खाली घेतलेलं मानूस परत बाजंवर घेत न्हाईत, म्हातारे,” रंगनाथ म्हणाला. “अपशकून आसतो.”

असली रीत कुणी ऐकली होती? पण तो घराबाहेर काढील या भीतीनं सगळे गप्प बसले. आता भीमाबाईला उठवायला दोन माणसं लागत. परसात जायचं तर ती हाका मारत बसे. एकदा वेळेवर कुणी आलं नाही आणि तिचं लुगडं ओलं झालं. त्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, जेवलीही नाही. मित्रांनो, मला हात असते तर मी त्या माणसाला सोडलं नसतं.

बाबाजानला हात होते. ते त्यानं आवरले.

“चाचा, दोरी ताना की जरा,” रंगनाथ रोज म्हणे.

“बोटं चालत न्हाईत, रंगनाथराव.”

मी झोळीसारखी खोल गेले. ढेकूण तर मी लाडानं पोसले.

पावसाळा सरला आणि रंगनाथला हिवताप आला. भर दुपारी तो माझ्यात रुतून कुडकुडत होता. उठू म्हटलं तर उठता येईना. भीमाबाई बसल्या बसल्या सरकत त्याच्या उंबऱ्यापर्यंत आली. तिनं त्याला नीट पाहून घेतलं.

“चालला गं बाई,” ती म्हणाली. “खाली घ्या त्याला.”

“मी जित्ता हाय!” रंगनाथ किंचाळला.

“समदे आसंच म्हनत्यात,” बाबाजान त्याचे पाय धरत म्हणाला. “आमच्यात ही रीत न्हाई, पन तुमच्यासाठी करतो.”

चौघांनी त्याला उतरवलं. तोंडात तुळस कोंबली, वर पाणी ओतलं. म्हाताऱ्यांनी असा गळा काढला की शेजारीपाजारी धावत आले, घराचा मालक तो व्यापारीही आला. रंगनाथ तुळस थुंकत ओरडत होता, “माजी बाज द्या!”

“एकदा खाली घेतलेलं मानूस परत बाजंवर घेत न्हाईत, रंगनाथा,” भीमाबाई म्हणाली. “तूच शिकिवलंस न्हवं?”

मालकानं सगळी हकीकत विचारून घेतली. मग त्यानं रंगनाथकडं पाहिलं. “रीत म्हंजे रीत,” एवढंच तो बोलला आणि मला भीमाबाईच्या जागी ठेवायला सांगितलं. बाबाजानची बोटं त्याच संध्याकाळी चालू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस हाक मारील तेव्हा पहिल्या हाकेला उठा. त्याची उठण्याबसण्याची जागा कधी हिसकावू नका. रंगनाथ नऊ दिवस जमिनीवर होता. ‘कुनी तरी उठवा’ म्हणून तो हाका मारी, आणि तिसऱ्या हाकेपर्यंत कुणी हलत नसे. मग भीमाबाईच म्हणे, “जावा रं आता, त्याचं धोतर वलं व्हईल.”

मला विचाराल, तर तिनं आणखी थोडं थांबायला हवं होतं.